जावयाचं घड्याळ आणि जिनिव्हाची जत्रा

एप्रिल आला की जिनिव्हात घड्याळांची जत्रा भरते आणि इथे नोएडात माझी झोप उडते. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरात पालएक्स्पो नावाचं भलंमोठं प्रदर्शन संकुल आहे. तिथे 'वॉचेस अँड वंडर्स' हे व्यापारी प्रदर्शन भरतं. 2025 मध्ये ते 1 ते 7 एप्रिल असं चाललं आणि 60 ब्रँडनी आपली नवी घड्याळं मांडली. मी कंटेंट रायटर आहे, बी.ए. इंग्लिश. घड्याळं विकणाऱ्या एका क्लायंटसाठी 'यंदाची नवी घड्याळं आणि संग्राहकांची मतं' असा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या मनगटावर तेव्हा होतं 1,800 रुपयांचं घड्याळ, आणि मी लिहीत होते काही लाखांच्या घड्याळांबद्दल!

तुम्ही म्हणाल, या श्रीमंती चोचल्यांचा आपल्या घराशी काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. पण त्याच महिन्यात ताईचं लग्न ठरलं आणि मुलाच्या आत्या बोलता बोलता म्हणाल्या, "आमचं काही मागणं नाही हो. फक्त आमच्याकडे जावयाला चांगलं घड्याळ घालायची पद्धत आहे."

'चांगलं' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी ते स्वतःच ठरवलं. रविवारी ते एकटेच सेक्टर 18 मधल्या मॉलमध्ये जाऊन आले आणि रात्री आईला हळूच म्हणाले, "एक एफडी मोडावी लागेल. अडीच लाखांच्या खाली काही दिसेना." बाबांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

त्यामुळे त्या महिन्यात दिवसभर मी संग्राहकांची मतं वाचत होते आणि रात्री घरात तोच विषय ऐकत होते. त्यातून जे उमगलं, ते तुम्हाला सांगते.

पहिल्या दिवसाचा निकाल

प्रदर्शनाचा पडदा उघडला की तासाभरात जगभरचे संग्राहक मत देऊन मोकळे होतात. 2025 मध्ये रोलेक्सने 'लँड-ड्वेलर' आणलं. त्याच्या आतलं नवं यंत्र बहुतेकांना आवडलं. ते तासाला 36,000 ठोके देतं, रोलेक्सच्या नेहमीच्या घड्याळांपेक्षा जास्त वेगाने. पण मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली तबकडी पाहून दोन तट पडले. कुणाला ती देखणी वाटली, कुणाला भडक.

पाटेक फिलिपने ऑक्टोबर 2024 मध्ये 'क्युबिटस' हे चौकोनी घड्याळ आणलं, तेव्हा तर नुसता गदारोळ झाला होता. 45 मिलिमीटर रुंदीचं ते घड्याळ अनेकांना अवाढव्य वाटलं. पुढच्या एप्रिलच्या प्रदर्शनात त्याची 40 मिलिमीटरची आवृत्ती आली, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांपैकी काही जण जरा मवाळ झाले.

आता इतिहास बघा. 1972 साली बाझेलच्या प्रदर्शनात ऑदमार पिगे या कंपनीने 'रॉयल ओक' मांडलं. आठ बाजूंची कड, त्यावर उघडे दिसणारे स्क्रू, 39 मिलिमीटरचा आकार, म्हणजे त्या काळी चांगलंच मोठं. धातू साधं स्टील, आणि किंमत मात्र अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त! लोक म्हणाले, हे काही चालायचं नाही. सुरुवातीला ते संथच खपलं. आज तेच घड्याळ मिळावं म्हणून लोक वाट बघत थांबतात. याच कंपनीच्या 'कोड 11.59' या घड्याळांची 2019 मध्ये जिनिव्हात अशीच खिल्ली उडवली गेली. कंपनीने पुढे तबकड्या सुधारल्या आणि टीकेची धार कमी झाली.

म्हणजे ज्यांची उभी हयात घड्याळांत गेली, त्यांचाही पहिल्या दिवसाचा निकाल टिकेलच असं नाही. मग कुणाच्या आत्याबाई काय म्हणतील, या धास्तीने घेतलेलं घड्याळ किती दिवस आनंद देणार?

ते विचारतात काय?

संग्राहकांची मतं वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. त्यांचं आवडनिवड जुळत नाही, पण त्यांचे प्रश्न तेच ते असतात. आणि ते प्रश्न तुमच्या-माझ्या कामाचे आहेत.

पहिला प्रश्न मनगटाचा. ते तबकडीच्या रुंदीवर थांबत नाहीत. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत घड्याळाची लांबी किती, हे विचारतात. ती मनगटाच्या बाहेर गेली तर कितीही महाग घड्याळ असो, बशी बांधल्यासारखं दिसतं. मग जाडी बघतात. शर्टाच्या बाहीखाली जाईल का?

दुसरा प्रश्न, हातात घेऊन पाहिलं का? प्रदर्शनातले फोटो झगमगत्या दिव्यांत काढलेले असतात. अनेक अनुभवी संग्राहक फोटोवरून मत द्यायचं टाळतात.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला दर काही वर्षांनी उघडून साफ करावं लागतं, तेलपाणी करावं लागतं. भारी घड्याळाचा हा खर्चही भारीच असतो. आपल्या शहरात त्याचं सर्व्हिस सेंटर आहे का, सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारायला हवं.

आणि चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तबकडीवरचं नाव बोटाने झाका. आता हे घड्याळ घ्याल का?

पैशाचंही थोडं सांगते, कारण दुकानदार घाई करायला लावतात. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला व्यापार करार 10 मार्च 2024 रोजी झाला आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. उलट 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांहून महाग घड्याळावर दुकानदार 1 टक्का कर आगाऊ घेतो. तो प्राप्तिकराच्या हिशेबात वळता होतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'आत्ता घ्या, नाहीतर संधी जाईल' हे वाक्य ऐकून पाकीट काढू नका.

आपलं फेवर-लुबा

या सगळ्या झगमगाटात एक नाव वाचून मी थबकले. फेवर-लुबा! हे नाव मी आमच्या कपाटात वाचलं होतं. आजोबा मुंबईला गिरणीच्या ऑफिसात होते, त्यांचं चावीचं 'सी चीफ' बाबांनी जपून ठेवलंय. तुमच्याही घरात असेल एखादं, शोधून बघा.

1737 पासून आपली परंपरा सांगणाऱ्या या स्विस कंपनीने एकोणिसाव्या शतकातच भारतात पाय रोवले. मुंबईत तिचा मोठा व्यवसाय होता आणि कित्येक मराठी घरांत पहिलं स्विस घड्याळ आलं ते हेच. 1962 मध्ये तिने 'बिवॉक' काढलं, उंची दाखवणारं मनगटी घड्याळ. नंतर स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत कंपनी मागे पडली. 2011 मध्ये टायटनने हा ब्रँड विकत घेतला. टायटनच्या काळात, काही वर्षांनी, 9,000 मीटरपर्यंत उंची मोजणारं 48 मिलिमीटरचं नवं 'बिवॉक' आलं. संग्राहकांनी तंत्राचं कौतुक केलं, पण एवढं मोठं घड्याळ रोज बांधणार कोण, असा त्यांचा सूर होता. पुढे इथॉस या भारतीय कंपनीने ब्रँड घेतला आणि ऑगस्ट 2024 मध्ये 'जिनिव्हा वॉच डेज'मध्ये तो पुन्हा उभा केला. या वेळी जुन्या 'सी स्काय' आणि 'डीप ब्लू'च्या धर्तीवरची घड्याळं होती, आकाराने आटोपशीर. जुन्या चाहत्यांना ती भावली. किमतीवरून कुरबुर झालीच.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. "मग आपलं जुनंच नवं करून जावयाला देऊ या!" दुसऱ्याच दिवशी ते अट्टा मार्केटमध्ये एका घड्याळवाल्याला विचारून आले. तो म्हणाला, "अंकल, डायल नया छाप देंगे, एकदम चकाचक." पिवळी पडलेली तबकडी काढून त्या जागी निळीशार तबकडी बसवायची, असा बेत होता.

इथे माझं वाचन कामी आलं. जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे आणि तो कौतुकाचा नाही. आपल्याकडे जुन्या स्विस आणि जपानी घड्याळांची तबकडी पुन्हा रंगवतात, दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून एक करतात आणि भडक रंगात नव्यासारखी विकतात. त्या घड्याळांना हे नाव पडलंय. अक्षरं जाडी-भरडी होतात, आकडे तिरके बसतात आणि मूळ घड्याळाची ओळख पुसली जाते. संग्राहक अशा घड्याळाला हात लावत नाहीत, उलट डाग पडलेल्या मूळ तबकडीला जास्त मान देतात.

यात आपल्या घड्याळजींना हसण्यासारखं मात्र काही नाही. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात त्यांनीच कशाला काहीतरी जुळवून लोकांची घड्याळं चालती ठेवली. आकडे दिसेनासे झाले तर तबकडी रंगवणं ही साधी दुरुस्ती होती. गैर आहे ते रंगवलेलं घड्याळ अस्सल म्हणून विकणं.

मी बाबांना एवढंच म्हटलं, "बाबा, आजोबांनी ज्या तबकडीत वेळ बघितली, ती यातून जाईल."

ते काही बोलले नाहीत. पण घड्याळ परत कपाटात ठेवलं.

विचारायला काय हरकत आहे?

राहिला प्रश्न जावयाच्या घड्याळाचा. पूर्वी आपल्याकडे नवरदेवाला अंगठी, सायकल, रेडिओ आणि घड्याळ देत. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरूला 1961 मध्ये सुरू झाल्यावर कित्येक लग्नांत एचएमटी घातलं गेलं. तेव्हा घड्याळ ही गरज होती. ते बांधून माणूस कामावर जायचा. आज वेळ मोबाइलवर दिसते आणि घड्याळातून ऐपत दिसते. गरजेची वस्तू गेली, मानपान तेवढा उरला.

ताईने एका रात्री सरळ त्यांनाच फोन लावला, म्हणजे होणाऱ्या भावोजींना. बाबा नाराज झाले. "या गोष्टी मुलींनी बोलायच्या नसतात गं." ताई म्हणाली, "बाबा, घड्याळ त्याच्या हातात जाणार आहे आणि पैसे तुमच्या हातातून. मग तुम्ही दोघंच गप्प का?"

भावोजींना तर आत्याचं बोलणं ठाऊकच नव्हतं. ते ओशाळले. म्हणाले, "मला घड्याळ आवडेल. पण जड काही नको. मेट्रोत बांधायची भीती वाटेल असं तर नकोच."

पुढच्या शनिवारी ताई, भावोजी, बाबा आणि मी मॉलमध्ये गेलो. मी टेप घेऊन गेले होते. भावोजींचं मनगट साडेसोळा सेंटिमीटर भरलं. बाबांनी हेरून ठेवलेलं अडीच लाखांचं घड्याळ त्यांनी बांधून पाहिलं, तर त्याची दोन्ही टोकं मनगटाबाहेर! बाबा स्वतःच हसले. शेवटी त्यांनी निवडलं एका भारतीय कंपनीचं ऑटोमॅटिक, 22,000 रुपयांचं. मागच्या काचेतून आतलं चाक फिरताना दिसतं, ते त्यांना आवडलं. सर्व्हिस सेंटर त्यांच्या ऑफिसजवळ आहे. एफडी शाबूत राहिली.

लग्नात आत्यांनी घड्याळाकडे निरखून पाहिलंच. "कुठलं रे?" भावोजींनी हात पुढे करून सांगितलं, "मी निवडलंय, आत्या." त्यावर त्या काय म्हणतील? "छान आहे" म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

महागडी घड्याळं घेऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. ज्याला त्यातली कारागिरी कळते आणि ज्याच्या खिशाला ती झेपते, त्याने हौस जरूर करावी. पण तुमच्या घरात लग्न असेल, निवृत्ती असेल, मुलाचा पहिला पगार असेल आणि घड्याळाचा विषय निघाला, तर आधी ज्याला द्यायचं त्याचं मनगट मोजा. त्याला काय आवडतं ते विचारा. दुरुस्ती कुठे होईल ते बघा. तबकडीवरचं नाव झाकून एकदा पाहा. आणि कपाटातलं जुनं घड्याळ रंगवायला देण्याआधी एखाद्या जाणत्या घड्याळजीकडून फक्त आतली साफसफाई करून घ्या. आमच्या घड्याळाला त्याचे 1,500 रुपये पडले. आता बाबा रोज सकाळी चहा पिताना त्याला चावी देतात. दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं, पण त्याची कुणाला घाई नाही.