वीस पायऱ्यांचा गिरनार

प्राणहितेच्या काठच्या आमच्या अहेरीत पायरी ही वस्तू तशी दुर्मीळच. सागवानी अरण्याच्या या मुलखात कौलारू घरे अधिक, माडीची थोडी. सुरजागडासारखे डोंगर आहेत ते दूर, एटापल्लीकडे, आणि त्यांच्या वाटा पायांनी पाडलेल्या, कोणी बांधलेल्या नव्हेत. अशा गावी राहून जुनागढच्या गिरनारावरील दत्तपादुकांपर्यंतच्या सुमारे १०,००० पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढण्याचा संकल्प ज्याने सोडला, त्याला अभ्यासासाठी उरतो तो घराच्या गच्चीवर जाणारा वीस पायऱ्यांचा जिना. आणि सारी नोकरी कचेरीतल्या जमाखर्चात घालवलेल्या मला पहिल्याच पहाटे हिशेब सुचला तो असा की, हा जिना ५०० वेळा चढला म्हणजे एक गिरनार होतो.

हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. घरचा जिना दर वीस पायऱ्यांनंतर उतरणीची सवलत देतो. चढताना लागलेली धाप उतरताना शमते. गिरनारावर ही सवलत नाही. जैन मंदिरे, अंबाजी, गोरखनाथ अशी चढण हजारांच्या मापाने चालते. गोरखनाथाच्या शिखरावरून पुन्हा खाली उतरून दत्तशिखर नव्याने चढावे लागते. आणि दर्शन झाल्यावर ती सगळी वाट परत उतरायची असते.

माझे वडील तरुणपणी ही यात्रा करून आले होते. दर्शन उत्तम झाले. पण त्यानंतर पायथ्याच्या मुक्कामी दोन दिवस त्यांना धड उठता आले नाही. पुढे आयुष्यभर ते चढणीविषयी क्वचितच बोलले, बोलत ते उतरणीविषयी. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. चढताना मांडीचा स्नायू आकुंचन पावून देह वर उचलतो; उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच देहाचा भार आवरून धरतो, आणि या दुहेरी ओढीत त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून वेदना तत्काळ न होता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. मात्र थोड्याथोड्या उतरणीची सवय लावली, तर हाच स्नायू पुढच्या खेपेस पुष्कळ सोसतो. तेव्हापासून मी चढण्याची घाई सोडली. पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन, कठडा न धरता, सावकाश उतरणे हाच माझा खरा अभ्यास झाला.

२०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे, आणि ज्यांची प्रकृती साथ देत नाही त्यांनी तो अवश्य घ्यावा. माझे पाय अजून शाबूत आहेत. त्यांना ही सेवा घडावी, एवढीच इच्छा.

गावी नसलेल्या चढणीचा अभ्यास करणारा मी एकटाच नव्हे. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांच्याही गावी बर्फ नव्हता. त्यासाठी त्यांना दार्जिलिंग, लेह गाठावे लागले. वृत्तपत्रांनी शिखरावरच्या यशाचा गौरव केला, तो यथार्थच होता. पण ती मुले सुखरूप उतरून घरी आली, ही वार्ता मला त्याहून मोठी वाटते.

आज पहाटे सव्वाशे फेऱ्या झाल्या, म्हणजे गिरनाराचा चौथा हिस्सा. शेवटची फेरी उतरतानाही कठड्याला हात लावावा लागला नाही.