परसांतला अनोळखी पाहुणा

जें आपण पेरलें नाहीं तें परसांत उगवलें, म्हणजे त्याचें नांव व कूळ जाणण्याची इच्छा मनुष्यास सहजच होते. परंतु तें पानांत वाढण्याचा प्रश्न निघाला, कीं केवळ तर्क पुरत नाहीं, खात्री लागते.

सन २०२३ च्या आषाढांत आमच्या मोरीच्या सांडपाण्याकांठीं एक रोप आपोआप उगवलें. शेजारच्या काकू पाहतांच म्हणाल्या, "अळूच हो हें! उद्यां फदफदें करा." देंठ पानाच्या खांचेंत न जुळतां थोडा आंत, पानाच्या पाठीस जुळला होता, आणि अळूची मुख्य खूण तीच. तरी आजीनें आईस विळी घेऊं दिली नाहीं. "ओळखल्यावांचून चुलीवर चढवूं नये," एवढेंच ती म्हणाली.

तिची सावधगिरी अनाठायीं नव्हती. अळूच्या कुळांतील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जीभ व घसा यांस टोंचून खाज आणि सूज आणतात. म्हणूनच घरचें अळूहि चांगलें शिजवून, चिंच घालून खातात.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं सांगितलें, "रोप मोठें होईपर्यंत थांबा. कासाळू म्हणून अळूचें एक दांडगें भावंड आहे. त्याचींहि कोंवळीं पानें अशींच जुळलेलीं असतात." या दोहोंस लिनियसनें १७५३ सालीं एकाच वर्गांत घातलें होतें. पुढें शॉटनें १८३२ मध्यें अळू 'कोलोकेशिया' वर्गांत नेलें, आणि १८३९ मध्यें जॉर्ज डॉननें कासाळू 'ॲलोकेशिया' वर्गांत ठेविलें.

२०२४ च्या श्रावणापर्यंत रोप माझ्या खांद्यास लागलें. नव्या पानांची खांच आतां थेट देंठापर्यंत चिरलेली दिसूं लागली. अळूचीं पानें खालीं झुकतात. याचीं टोंकें आकाशाकडे वळलेलीं होतीं. बुंधाहि जाड होऊन जमिनीच्या वर आला. तो कासाळूच होता! त्याचीं तांबडीं फळें पक्षी खातात. तेव्हां हें बीं आमच्याकडे कोणीं टाकलें असेल, हेंहि उमगलें.

वाचकहो, एकाच खुणेवरून एका दिवसांत दिलेला निर्णय म्हणजे अळवावरचें पाणी. वनस्पतीस वाढूं द्यावें, तिच्या सर्व खुणा पाहाव्या, आणि मगच तिला नांव द्यावें.