नदीला काय विचारावं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, हे मान्य. पण मग काय विचारावं? म्हण तिथे गप्प होते. जगतपूरच्या पुश्त्यावरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, यमुनेच्या कडेने चालताना मी त्या म्हणीशीच हुज्जत घालत राहतो.

पहिली शंका अशी की ही म्हण कोकणातली नसावी. आमच्याकडे नदीचं मूळ विचारावंच लागत नाही, ते मान वर केली की दिसतं. वेळासच्या वाळूवरून चालत बाणकोटच्या किल्ल्यावर चढावं. खाली सावित्री समुद्राला मिळत असते, पलीकडे हरिहरेश्वर आणि पाठीमागे डोंगरांच्या ओळी. ती आली तीच मुळी महाबळेश्वराहून. मनावर घेतलं तर धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत पायी उगमाला पोचेल. ज्या मुलखात नदी एवढी आखूड, तिथे तिच्या मुळाचं गूढ कोण कशाला राखील?

म्हणजे म्हण देशावरची. कृष्णा त्याच महाबळेश्वरला उगवते, पण सावित्रीकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या खालच्या अंगाच्या गावकऱ्याला मूळ कुठलं ठाऊक असणार? त्याने विचारू नये हेच बरं. पण हा तर्कही टिकत नाही. जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचं मूळ एका दगडी गोमुखातून पडताना दाखवतात आणि आपण रांग लावून ते पाहतो. विचारू नये म्हणायचं आणि मुळावर देऊळ बांधायचं, असा आपला एकूण कारभार.

यमुनेचं मूळही पुस्तकात सोपं आहे. यमुनोत्री, आणि तिथून प्रयागपर्यंत १३७६ किलोमीटर. दिल्ली शहराच्या वाट्याला वझिराबाद ते ओखला हे जेमतेम २२ किलोमीटर. पण हिमालयातून आलेलं पाणी हरियाणात हथनीकुंडच्या बंधाऱ्याशी कालव्यांत वळतं. उरलंसुरलं वझिराबादला अडवून नळांत जातं. बंधाऱ्याच्या लगेच खाली नजफगढचा नाला नदीत शिरतो. तोही जन्माने नालाच नव्हे. राजस्थानात अरवलीतून निघणाऱ्या साहिबी नदीचं ते शेवटचं रूप. म्हणजे नाल्याचंही कूळ चांगलं निघालं, आता करता काय?

यमुना बाजारच्या घाटावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. लोक नावेत बसून त्यांना शेव टाकतात आणि ‘सायबेरियासे आते हैं’ एवढं एकमेकांना सांगून त्यांच्या मुळाचा प्रश्न निकालात काढतात. तिथल्या एका नावाड्याला मी पाण्याबद्दल विचारलं, कहाँ से आता है? तो वल्हं न थांबवता म्हणाला, ‘बरसात में पहाड़ से. बाकी दिन आप लोगों से.’

उत्तर चोख होतं. मी राहतो त्या पूर्व दिल्लीत नळाला बहुतेक गंगेचं पाणी येतं, वरच्या गंगा कालव्यातून मुरादनगरहून नळावाटे आणलेलं. म्हणजे मी गंगा पितो आणि यमुनेत सोडतो. पावसाळा सोडला तर या नदीचं मूळ माझ्या मोरीत आहे. हे वाक्य सभेत टाळ्या घेईल, म्हणूनच मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही. मोरीतून पुढे मैलाशुद्धीकरण, मग नाले, मग आणखी कुणाच्या तरी मोऱ्या. इतक्या मुळांची नदी म्हटली की एकाही मुळाला जाब विचारता येत नाही. म्हणीला हेच तर सुचवायचं नसेल ना?

म्हणीचं दुसरं अंग मी सोडूनच देणार होतो. पण ज्या ऋषीच्या कुळाबद्दल सगळ्यात जास्त अवघडून बोललं जातं, ते व्यास याच नदीतले. आई सत्यवती नाव चालवणारी, कोळ्यांत वाढलेली. पराशर पलीकडे जायला तिच्या नावेत बसले आणि यमुनेच्या एका बेटावर व्यासांचा जन्म झाला. कूळ आणि मूळ दोन्ही एकाच पाण्यात. यात मला गंमत वाटते ती पराशरांची. एवढा मोठा ऋषी नदीपाशी आला तेव्हा त्याने उगमाची चौकशी केली नाही. त्याला फक्त पार व्हायचं होतं.

नदीला विचारायचं ते बहुधा हेच असेल, उतार कुठे आहे? आणि या एका प्रश्नावर मराठी माणसाचं यमुनेशी काही केल्या जमलेलं नाही. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यांचं शेवटचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण नदीची अवस्था कुणी सांगत नाही. थंडीत पाणी उतरलं होतं, पात्रात बेटं उघडी पडली होती, त्यांवर झाऊ आणि लव्हाळं माजलं होतं, आणि त्या आडोशाने शत्रू अलीकडे आला. त्याच वर्षी भाऊसाहेबांनी ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली तेव्हा नदी भरून वाहत होती आणि अब्दाली पलीकडच्या अंगाला अडकून पडला होता. भाऊ उत्तरेला सरकले, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलं, पुढे कुरुक्षेत्राकडे वळले. आठवडाभरात अब्दालीने बागपतला उतार शोधला. त्याची माणसं वाहून गेली, पण फौज अलीकडे आली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. मग १४ जानेवारी १७६१, पानिपत. बागपत आणि पानिपत दोन्ही आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात, म्हणजे कागदोपत्री माझ्याच गावात.

१८०३ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. शिंद्यांची फौज फ्रेंच सरदाराच्या हाताखाली नदी ओलांडून पटपडगंजच्या बाजूला आली आणि जनरल लेककडून हरली. माघारीला पाठीशी भरलेलं पात्र. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

पण मला बागपतपेक्षा जास्त सतावतो तो भाऊंच्या फौजेतला एक अठरा वर्षांचा मुलगा. नाना फडणीस. त्यांचं मूळ गाव वेळास, सावित्रीच्या मुखाशी. उगमापासून मुखापर्यंत आवाक्यात असलेल्या नदीकाठचं घराणं. नाना आईला घेऊन आले होते ते उत्तरेतली तीर्थं करायला. तलवारीपेक्षा स्नानाची ओढ असलेले कितीतरी लोक त्या फौजेत होते. त्यांना यमुनेचा उतार नको होता, मूळही नको होतं. बुडी मारायची आणि पुण्य घेऊन परतायचं. नाना परतले, आई परतली नाही. त्या बायाबापड्यांनी नदीला चुकीचं काही मागितलं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उताराची चौकशी करायला तिथे सरदार होतेच की.

आता मी जिथे चालतो तिथे कुणाला उतार शोधावा लागत नाही. इतके पूल झालेत की नदी ओलांडली हे मेट्रोत बसलेल्याला कळतही नाही. प्रश्न विचारण्याची पाळी नदीवर येते ती क्वचित. १३ जुलै २०२३ ला लोखंडी पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरला पोचलं. १९७८ चा २०७.४९ चा विक्रम मोडला. लाल किल्ल्यामागचा रिंग रोड पाण्याखाली गेला. शाहजहानच्या वेळी नदी तिथूनच वाहायची. तेव्हा आमच्यातले सगळेच म्हणाले, नदी आपल्या जागी परत आली. मीही म्हणालो. पण असं म्हणणारे आम्ही वरच्या मजल्यांवर राहणारे. खादरात, म्हणजे पुराच्या पट्ट्यात, झोपडी टाकून कलिंगडं, काकड्या पिकवणारी कुटुंबं त्या दिवसांत रस्त्याकडेला तंबूत होती. त्यांना कुणी सांगायचं की नदी आपल्या जागी आली आहे?

शिवाय मला चालायला मिळणारी वाट तरी कुठून आली? दिल्ली विकास प्राधिकरणाने किनाऱ्यावर असिता, बांसेरा अशा बागा केल्या आहेत. बांबू, कमळाची तळी, पक्ष्यांच्या नावांच्या पाट्या. छान आहेत, मी जातो. पण नदीकाठ असा मोकळा करताना खादरात वर्षानुवर्षं शेती करणाऱ्यांना हटवलं गेलं. पुराच्या पट्ट्यात शेती असू नये, भाजीत नदीतलं विष उतरतं, हेही खरं. दोन्ही खरं असताना पाय मात्र एकाच बाजूला चालत असतात.

तेव्हा म्हणीबद्दल माझं मत आता पहिल्यापेक्षा कच्चं झालं आहे. कदाचित ती नदीची किंवा ऋषीची अब्रू राखण्यासाठी नसेलच. विचारणाऱ्याला सांभाळण्यासाठी असेल, कारण मूळ विचारत गेलं की शेवटी स्वतःच्या दाराशी यावं लागतं. किंवा तसंही नसेल, आळसाला दिलेला तो शहाणपणाचा मुलामा असेल. नदीचं आणि ऋषीचं राहू दे, पायवाटेचं मूळ विचारावं की नाही, याबद्दल म्हणीत काहीच नाही.