बेल्ह्याचा सर्जा आणि चिरंजिवांचे पाखरू

आमच्या चिरंजिवांनी गेल्या वर्षी एक उडते यंत्र घेतले. त्याला ड्रोन म्हणतात हे आता पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. वजन 250 ग्रॅमच्या आत, म्हणजे आमच्या घरच्या चहाच्या पुड्याएवढे. किंमत मात्र सौभाग्यवतींना अजून खरी सांगितलेली नाही. यंत्र घरात आल्यापासून चिरंजिवांची एकच भुणभुण, "बाबा, पुण्यात उडवायला जागा नाही, कुठेतरी मोकळ्या मुलखात जाऊ या." मोकळा मुलूख म्हटल्यावर मला माझे आजोळ आठवले. आजोळ म्हणजे जुन्नर तालुक्यातील बेल्हे आणि त्याच्या आसपासची वस्ती. मामांना फोन केला. ते म्हणाले, "या की! पण सोमवार धरून या. सोमवारी माझं जरा काम हाय."

सोमवार म्हणजे बेल्ह्याचा आठवडी बाजार, आणि बेल्ह्याचा बाजार म्हणजे बैलांचा बाजार. मामांचे काम काय असेल ते ओळखायला पंचांग उघडायला नको होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. पुण्याहून आळेफाटा नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. तेथून कल्याण-नगर रस्त्याने उजवीकडे वळले की थोड्याच वेळात बेल्हे येते. नारायणगावाशी चिरंजिवांचे हात शिवशिवू लागले. पण जवळच खोडदला त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा तेथे मध्यभागी दाटीने उभ्या, आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हा परिसर निवडला त्याचे एक कारण म्हणजे येथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. अशा ठिकाणी आपले घोंघावणारे खेळणे उडवणे म्हणजे गवयाच्या मैफलीत शिट्टी वाजवणे. यंत्र पिशवीतच राहिले. सरकारचा 'डिजिटल स्काय' नकाशाही चिरंजिवांनी पाहून ठेवला होता. कोठे उडवावे आणि कोठे नाही हे त्यावर पाहूनच पुढे जायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. या एका बाबतीत पोरगा माझ्यावर गेलेला नाही!

मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. पाठ ताठ, नजर तीक्ष्ण, दातांचे मात्र थोडे कमीजास्त. अंगणात दोन खिल्लार बैल बांधलेले: सर्जा आणि राजा. या भागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पट्ट्यात, बैलगाड्याच्या शर्यतीचे वेड परंपरेने आहे. चढाच्या धावपट्टीला येथे 'घाट' म्हणतात, एका धावेला 'बारी'. चार बैल गाड्याला, पुढे घोडी, आणि सारा खेळ काही सेकंदांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2014 साली शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात शर्यतीच्या बैलांना गिऱ्हाईक मिळेना. आता पुन्हा मिळू लागले. सर्जासाठीही एक शौकीन सोमवारी येणार होता, आणि येणाऱ्या पैशांतून मामांना विहिरीचे काम करायचे होते. रात्री बिबट्याच्या भीतीने सारे लवकर घरात आले, तेव्हा जेवताना मामांनी हे सांगितले. सांगताना चेहरा मात्र पैसे येणाऱ्या माणसाचा नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही आणे घाटाकडे गेलो. वाटेत गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळाजवळ निसर्गानेच बांधलेला एक पूल आहे. काळ्या बेसॉल्ट खडकाची ती कमान. खालून पावसाळ्यात ओढा वाहतो, वरून माणूस खुशाल चालत जातो. ना इंजिनियर, ना टेंडर, आणि अजून एक खड्डा नाही! यंत्र वर गेले. चिरंजिवांनी '4के' नावाचे सर्वांत बारीक चित्र निवडले होते, सेकंदाला 30 चित्रे. यंत्राच्या डोळ्यावर काळी काचही चढवली. उन्हात शटर फार जलद ठेवावे लागू नये म्हणून यंत्रालाही गॉगल लागतो, हे ज्ञान मला तेव्हा झाले. यंत्र अगदी बैलगाडीच्या गतीने पुढे सरकत होते. घाईने वळवले की डोंगर धक्के खात सरकल्यासारखा दिसतो.

दुपारी घरी मोठ्या पडद्यावर ते चित्रण लावले. काय सांगावे! कमानीवरची भेग न् भेग दिसत होती. मग वस्तीवरचे चित्र आले. मामा पुढे सरसावले. "जरा मोठं कर. अजून. हां! ती बघ आपली विहीर. अन् ती बोर. माझ्या बानं लावलेली." चित्र कितीही मोठे केले तरी बोर बोरच राहिली, तिचा हिरवा डाग झाला नाही. बारीक चित्राचा हा गुण. त्यात शोधता येते.

संध्याकाळी मामांच्या नातवाने रिकाम्या घाटावर सरावासाठी गाडा जुंपला. मामा चिरंजिवांच्या कानाशी येऊन म्हणाले, "नातवा, ह्या पाखरातनं सर्जाचा पाय दिसंल का? उजवा, पुढचा. तो पाय चोरतोय असं मला वाटतंय. बाकी कुनाला दिसत न्हाई. मलाबी नीट दिसत न्हाई, पन वाटतंय."

बैल बिचकू नयेत म्हणून यंत्र बाजूला, लांब ठेवले. बारी झाली. आम्ही धावत पडद्याशी आलो. आणि काय? डोंगर स्वच्छ, माती स्वच्छ, मागची बाभूळ स्वच्छ. आणि बैलांच्या पोटाखाली नुसता धुरळल्यासारखा पट्टा! मामा म्हणाले, "बोरीची पानं मोजली, अन् बैलाचे पाय कुठं गेले?"

रात्री पडवीत बापलेकांची चर्चा झाली. मी कारकुनी केलेला माणूस. मला हिशेबाने सांगितले की पटते. हिशेब असा. 4के चित्रात आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके, म्हणजे सुमारे 83 लाख. साध्या 1080 च्या चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080. म्हणजे बरोबर चौथाई. आता 4के सेकंदाला 30 वेळा घ्या, नाहीतर 1080 सेकंदाला 120 वेळा घ्या; दोन्हींचा गुणाकार एकच येतो, 24 कोटी 88 लाख 32 हजार ठिपके! यंत्राची थैली एवढीच. ती बारकाव्यावर खर्च करा, नाहीतर वेळेवर. महागड्या यंत्रांना थैली मोठी असते, त्यांना 4के सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळाही झेपते; पण थैली ती थैलीच, कोठेतरी तळ लागतोच. कार्डावर दर सेकंदाला लिहायच्या माहितीलाही हद्द असते. त्यामुळे चित्रांची संख्या दुप्पट केली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच येते.

दुसरा हिशेब बैलाचा. बैल सेकंदाला दहा मीटर धावतो असे धरा. सेकंदाला 30 चित्रे, तर दोन चित्रांच्या मध्ये तो फूटभर पुढे गेलेला. शटर एक साठांश सेकंद उघडे, तेवढ्यात तो जवळजवळ वीतभर सरकतो. पाय तर अंगापेक्षाही जोरात पुढे येतो. त्याचाच तो धुरळा. मी म्हटले, "मग शटर जलद कर की." चिरंजीव म्हणाले, "केले तर चित्र स्वच्छ येईल बाबा, पण दोन चित्रांच्या मधला क्षण गेला तो गेलाच." सेकंदाला 120 चित्रे घेतली की दोन चित्रांमधले अंतर चार बोटांवर येते, आणि तेच संथ दाखवले की एका सेकंदाचे चार सेकंद होतात. मात्र शटर जलद झाल्याने उजेड चौथाईच मिळतो, म्हणून पहाटेच्या अंधुकात हा उद्योग करू नये. पुष्कळ यंत्रांत चित्राची चौकटही थोडी अरुंद होते.

हा पेच काही आजचा नाही. घोड्याचे चारही पाय कधी एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, हे डोळ्यांना कधीच ठरवता आले नव्हते. 1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि सुटतात हे दाखवून दिले. त्या चित्रांत घोडा म्हणजे केवळ काळी आकृती, नाकडोळे काही नाहीत. पण प्रश्न पायांचा होता, त्याचे उत्तर मिळाले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी उलट वाट धरली. 1912 साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर झरझर उगवून दाखवली. घोड्यासाठी सेकंद चिरावा लागला, वाटाण्यासाठी दिवस आवळावे लागले. खोडदच्या दुर्बिणीचीही तीच कथा. आकाशाचे रेखीव चित्र हवे तर दूरदूर पसरलेल्या तबकड्या उपयोगी. आणि सेकंदाच्या अंशात टिकटिकणाऱ्या ताऱ्याची नाडी पाहायची तर काळ बारीक कापावा लागतो. तेव्हा आधी प्रश्न ठरवावा, मग यंत्राची कळ फिरवावी. 'कोठे आहे' आणि 'काय आहे' असे विचारायचे असेल तर बारकावा. 'कसे चालते' असे विचारायचे असेल तर वेग.

सोमवारी ऊन चांगले वर आल्यावर सर्जाला एकट्यालाच दोरीवर दुडक्या चालीने नेले. संशय असलेल्या बैलाला पुन्हा बारीला जुंपायला मामा तयार नव्हते. यंत्र आधी जमिनीवरच घोंघावत ठेवले, बैलाने एकदा कान टवकारले आणि मग दुर्लक्ष केले. मग बाजूने, पंधरा-वीस पावलांवरून, सेकंदाला 120 चित्रे.

पडद्यावर सर्जा पाण्यातून चालल्यासारखा चालू लागला. चित्र कालच्या मानाने भरड. मागची बाभूळ ओळखू येत नव्हती. पण उजवा खूर टेकला की प्रत्येक वेळी मान किंचित वर उडत होती, आणि ते पाऊल बाकीच्यांहून आखूड पडत होते. एकदा, दोनदा, पाचदा. पडवीत कोणी बोलेना. मामांचा नातू हळूच म्हणाला, "आजोबा, आज विकून टाकू. ह्यो त्यांना दिसायचा न्हाई." मामा त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "मला दिसला की."

बाजार भरला होता. रस्त्याच्या कडेने टेम्पोच टेम्पो, झुली, घुंगरांच्या माळा, वेसणी, चहाच्या गाड्या, भज्यांचा घाणा. कोणी बैलाचा ओठ वर करून दात पाहतो आहे, दुसा की चौसा. कोणी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करतो आहे, तोंडाने एक अक्षर नाही. तो शौकीन ठरल्याप्रमाणे आला. सर्जाला आणले नव्हते हे पाहून त्याला वाटले, भाव वाढवायचा डाव आहे. मामांनी चिरंजिवांना खूण केली. "दाखव त्यांना."

गर्दीत उभे राहून त्या गृहस्थांनी फोनवर ते चित्रण दोनदा पाहिले. मग फोन परत दिला आणि मामांना रामराम केला. "तात्या, न दाखवता चाललं असतं," एवढेच म्हणाले. तासाभराने त्यांनी दुसरा बैल घेतला. त्यात वावगे काही नव्हते. शर्यतीचा माणूस, तो पायच विकत घेतो.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. खुराच्या बेचक्यात बाभळीच्या काट्याचे टोक खोल मोडून राहिले होते आणि आत पू धरत होता. काटा निघाला, जखम धुतली, आणि काही आठवडे विश्रांती सांगितली. आणखी चार बाऱ्या पळवला असता तर पाय कायमचा गेला असता, असे ते म्हणाले. विहिरीचे काम मात्र त्या उन्हाळ्यात झाले नाही. मामांनी त्याचा उल्लेखही केला नाही, नातवाने केला, तेव्हा म्हणाले, "विहीर पुढच्या साली. पाय काय पुढच्या साली येतोय व्हय?"

यंदा गणपतीत मामांकडे गेलो तेव्हा भिंतीवर त्या 4के चित्राची मोठी तसबीर लागलेली होती. विहीर, बोर, वस्ती, मागे घाट. येणाऱ्या-जाणाऱ्याला मामा बोट लावून एकेक झाड दाखवतात. दुसरे चित्रण तसबिरीत मावत नाही. ते नातवाच्या फोनमध्ये आहे. सर्जा आता बरा चालतो. शर्यतीला तो जाणार की औताला, हे अजून ठरलेले नाही. ते ठरवण्याआधी चिरंजिवांनी एकदा पाखरू घेऊन यावे असा निरोप आहे.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याही घरची मुले असले यंत्र घेऊन बाहेर पडतील. रोषणाई टिपायची असेल तर एवढे ध्यानात ठेवा की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. दिव्यांखाली सेकंदाला 25 किंवा 50 चित्रे घेतली तर पट्टे उमटण्याचा त्रास कमी होतो. बाकी कळ कोठे फिरवावी ते तुमच्या प्रश्नावर. आणि जमले तर एखादा सोमवार धरून बेल्ह्याला जा. नैसर्गिक पूल पाहा, बाजार पाहा, गरम भजी खा. बैलाचा भाव मात्र उगीच विचारू नका. तेथे प्रश्न विचारणाऱ्याला गिऱ्हाईक समजतात.