आजोबांचं स्पुटनिक

जानेवारीतला शनिवार, वेळ संध्याकाळचे सात पंचवीस. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. अप्पा कानटोपी घालून आणि 'एवढ्या थंडीत काय बघायचंय' असा चेहरा करून. लेकीचा प्रश्न साधा होता. "बाबा, स्पेस स्टेशन इथून खरंच दिसतं? चारशे किलोमीटर लांब असतं ना ते?"

हाच प्रश्न मी एकदा आजोबांना विचारला होता. विचारला कसला, त्यांच्या तोंडावर फेकला होता.

१९९८ची दिवाळी. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणात बसलो होतो. आजोबांनी नेहमीची गोष्ट काढली, रशियानं स्पुटनिक सोडलं त्या साली सगळ्या वाडीनं ते आभाळातून जाताना पाहिलं होतं ती. लहानपणी मी ही गोष्ट दहा वेळा तरी डोळे विस्फारून ऐकली असेल. त्या दिवशी मात्र खोलीतून सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन आलो. स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटरचा गोळा. पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येई तेव्हाही दोनशेहून जास्त किलोमीटर वर. भागाकार केला, तर कोन अर्ध्या विकलेच्या आसपास. माणसाच्या डोळ्याची मर्यादा साधारण एक कला, म्हणजे ६० विकला. "आजोबा, शंभर पट लहान आहे. दिसणं शक्यच नाही. विमान बघितलं असणार तुम्ही."

"आमच्या वाडीवरनं त्या काळात कुठलं इमान?" एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "असंल बाबा. तुझं शिक्षान मोठं." आणि आत गेले. ती गोष्ट त्यांनी परत कधी सांगितली नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

२००४ साली आजोबा गेले.

२००७ साली मी ऑनसाइटला होतो. एका संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक सहकारी एकदम थांबला आणि वर बोट दाखवून म्हणाला, ते बघ, स्टेशन चाललंय. वर बघितलं तर एक ठसठशीत पांढरा ठिपका. लुकलुक नाही, आवाज नाही, विमानाचे लाल-हिरवे दिवे नाहीत. चार-पाच मिनिटांत आभाळाच्या या टोकापासून त्या टोकाला. तिथे उभ्याउभ्या मला पहिल्यांदा जाणवलं की माझं ते कॅल्क्युलेशन कुठेतरी गंडलेलं होतं.

गंडलं कुठे? फॉर्म्युला बरोबर, आकडे बरोबर. रिक्वायरमेंटच चुकीची वाचली होती! वस्तूचा आकार दिसतो का हा एक प्रश्न, आणि वस्तू दिसते का हा वेगळाच. व्याधाचा तारा घ्या. त्याची आभाळातली रुंदी विकलेच्या शंभराव्या भागाहूनही कमी, म्हणजे माझ्या त्या 'अशक्य' गोळ्यापेक्षाही कितीतरी लहान. पण रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. डोळ्याला पुरेसा प्रकाश पोचला की झालं, मग उगम सुईच्या टोकाएवढा का असेना. हे वाडीतल्या कुठल्याही माणसाला कॅल्क्युलेटरशिवाय ठाऊक होतं.

मग रात्री बसून वाचत सुटलो. स्पुटनिकचा गोळा स्वतः खरोखरच फार अंधुक होता, जेमतेम नजरेच्या काठावर. पण त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा मुख्य भाग, २५ मीटरहून लांब असलेलं ते धूड, त्याच्याबरोबरच कक्षेत फिरत होतं. ४ ऑक्टोबर १९५७ पासून १ डिसेंबरला वातावरणात जळून जाईपर्यंत. जगभरात ज्यांनी ज्यांनी 'स्पुटनिक पाहिलं', त्यातल्या बहुतेकांनी ते रॉकेट पाहिलं होतं. वाडीनंही तेच पाहिलं असणार. आणि हे सांगायला आजोबा नव्हते.

असो. तर मोठ्या स्थानकांचं काय?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सौरपंख्यांसकट १०९ मीटर रुंद आहे. डोक्यावर असताना ते सुमारे ५५ विकला भरतं, म्हणजे नजरेच्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर. गुरू जवळ असताना साधारण तेवढाच असतो, आणि आपल्याला तोही ठिपकाच दिसतो. प्रकाश म्हणाल तर स्थानक चांगलं डोक्यावरून गेलं की शुक्राशी बरोबरी करतं. अट एकच. आपल्याकडे अंधार हवा आणि चारशे किलोमीटर वर अजून ऊन हवं. म्हणून सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयाआधीचे एक-दोन तास. मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतं, डोक्यावरून गेलं तरी पत्ता लागत नाही. चीनचं तियांगोंगही असंच दिसतं, जरा फिकट.

त्याच उंचीवर चंद्राएवढं दिसायचं तर साडेतीन किलोमीटरचं स्थानक लागेल. आणि उलटं, आत्ताचंच स्थानक चंद्राच्या अंतरावर नेऊन ठेवलं तर प्रकाश नऊ लाख पटीनं घटेल. मग दुर्बिणीशिवाय नावच काढू नका. जेरार्ड ओनील या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात ३२ किलोमीटर लांबीच्या दंडगोल वसाहतींची कल्पना मांडली होती, पृथ्वीपासून चंद्राइतक्याच अंतरावर. एवढं अख्खं शहर, पण इथून तेही १७ विकला, म्हणजे ठिपकाच. तारा म्हणून मात्र मस्त चमकलं असतं!

हे सगळं मी लेकीला सांगत होतो (तिचं लक्ष नव्हतं), तेवढ्यात सिंहगडाच्या बाजूनं ते वर आलं. सात चौतीस. आधी फिकट, मग बघता बघता लखलखीत. लेक आत बसलेल्या माणसांना हात हलवायला लागली. अप्पांनी कानटोपी मागे सारली आणि मान वर करून बघत राहिले. डोक्यावरून पुढे गेलं आणि ईशान्येकडे उतरायच्या आधीच मंद होत होत नाहीसं झालं.

"विझलं?" लेक म्हणाली.

"सावलीत गेलं," मी म्हणालो.

अप्पा अजून वरच बघत होते. "मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन," ते म्हणाले. "आजोबांनी खांद्यावर घेऊन दाखवलं होतं. असंच गेलं होतं."

इतक्या वर्षांत हे ते मला कधी बोलले नव्हते. १९९८च्या त्या दिवशीही अंगणातच होते, शेंगा सोलत.

उद्या सहा शेहेचाळीसला परत आहे. जरा खालून जाणार आहे, पण अप्पांनी आत्ताच विचारून ठेवलंय, खुर्ची गच्चीवर न्यायची का म्हणून.