हात स्थिर, आत थरथर





गेले दीड वर्ष आमच्या शरीरात एक कंप मुक्कामाला आहे. पहाटे जाग आली की छातीपासून पोटऱ्यांपर्यंत काहीतरी बारीक थरथरत असते. हात पुढे केला तर तो स्थिर. फळ्यावर ओढलेली रेघ सरळ. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

कतारगाममध्ये राहणाऱ्याचा पहिला संशय भिंतींवर आणि जमिनीवर जातो. इथे हिऱ्याच्या घंट्या आहेत, एम्ब्रॉयडरीच्या मशीन आहेत. त्यात २६ जानेवारी २००१ ची सकाळ सुरतकर विसरलेले नाहीत. कच्छच्या त्या भूकंपाने इथल्याही इमारती पाडल्या होत्या. म्हणून आम्ही उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून पाहिला. पाणी निश्चल होते. थरथर आमच्यातच होती.

मग तपासण्यांची रांग लागली. साखर, थायरॉइड, बी-१२, कॅल्शियम, ईसीजी, शेवटी मेंदूचा एमआरआय. सगळे नॉर्मल. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. आम्हाला मात्र आनंद मानावा की काळजी करावी, हे कळेना. रिपोर्ट चांगला आणि थरथर तशीच! एका ठिकाणी 'टेन्शन घेऊ नका' एवढेच औषध मिळाले.

खरी अडचण सांगण्याची होती. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, दवाखान्यात बोलणे गुजरातीतून. 'ध्रुजारी' म्हटले की डॉक्टर आमच्या बोटांकडे बघत. हिंदीत 'झुनझुनी' म्हणावे, तर त्या मुंग्या झाल्या. गुजरातीत हातापायांना मुंग्या येण्याला 'खाली चढणे' म्हणतात. आम्हाला ना मुंग्या येत होत्या, ना छातीत धडधड होती, ना थंडीतापाचे कापरे भरत होते. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांना सांगितले, "चालू पाण्याच्या मोटारीवर हात ठेवल्यावर जसे लागते, तसे आतून लागते." त्यांनी पेन खाली ठेवले आणि पुढचे विचारायला सुरुवात केली.

त्यांनी कागदावर गोल गोल वेटोळे काढायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितले, चालवून पाहिले. मग समजावले. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात बहुधा स्वस्थ असताना कापतो. दुसऱ्या एका प्रकारात काम करताना कापतो. बाहेर न दिसणारा आतला कंपही वैद्यकाला ठाऊक आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्किन्सनच्या १०० रुग्णांपैकी ४४ जणांनी तो सांगितला होता. पण आतला कंप म्हणजे पार्किन्सनच, असे नाही. चिंता, थायरॉइड, दम्याची काही औषधे यांनीही थरथर होऊ शकते. जे फक्त रुग्णालाच जाणवते, ते मोजायचे यंत्र दवाखान्यात नाही. तिथे रुग्णाचे सांगणे हाच पुरावा.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वहीत नोंद ठेवतो: वेळ, किती मिनिटे, झोप, चहा, औषध. अपुऱ्या झोपेनंतर थरथर वाढते, हे त्या वहीनेच दाखवले. आजाराला अजून नाव मिळालेले नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असते. तोवर एक डॉक्टर, एक फाईल आणि एक वही, एवढे आम्ही धरून आहोत. नाव नसलेल्या दुखण्यावर अंगारे-धुपारे आणि पुड्या सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार करतो.

हे सारे शाळेच्या पत्रिकेत लिहिण्याचे कारण सांगतो. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि गल्लीत गुजराती, हिंदी. एखादे मूल 'कसंतरी होतंय' म्हणते आणि गप्प बसते. ताप नाही, जखम नाही, म्हणून ते बहाणा करते असे लगेच ठरवू नये. त्याला जवळ घ्या आणि घरच्या भाषेत विचारा: कुठे होते? कधी होते? कशासारखे वाटते? टोचते, ठणकते, चरचरते, कळ येते की मुरडा येतो, हे शब्द त्याला द्या. डॉक्टरांपुढेही त्यालाच आधी बोलू द्या.

निबंधात दहा गुण मिळवून देणारी भाषा आम्ही शिकवतोच. दुखते कुठे, हे सांगता येण्याइतकी भाषा प्रत्येक मुलाजवळ असावी, ही आमची आणि आपली, दोघांचीही जबाबदारी आहे.

आपला,
मुख्याध्यापक