आगमनकाळाची आसावरी

नाताळची गाणी निवडायचं काम आमच्या मंडळीत गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. निवड चांगली झाली असं कुणी म्हणालं की मला नगरचे आमचे सर आठवतात. दिवसा ते शाळेत गायन शिकवायचे आणि रविवारी उपासनेला पेटीवर बसायचे.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या दिवसांत सर जन्माचं एकही गाणं वाजवू देत नसत. आम्हा मुलांना मेंढपाळांची, ताऱ्याची, गव्हाणीची गाणी कधी एकदा म्हणतो असं व्हायचं. सर म्हणायचे, "आधी वाट तर बघा रे. हाकच मारली नाही तर येणारा येईल कसा?" मग 'उपासना संगीत' उघडून ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं काढायचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं सांगणारे हे टिळक. त्यामुळे वारकऱ्याची तळमळ आणि आगमनकाळाची तळमळ सरांना वेगळी वाटतच नसे. तबला बंद, टाळ अगदी हळू, आणि लय इतकी संथ की प्रत्येक अक्षराला श्वास मिळावा.

मी कॉलेजात असताना आगमनकाळातच आई गेली. गल्लीत घरोघर चांदण्या टांगलेल्या, शेजारी करंज्या तळल्याचा वास. गायनवृंद दरवर्षी रात्री घरोघर गात फिरायचा. यंदा आमचं घर वगळावं, असं बऱ्याच जणांचं मत होतं. सर मात्र आले. दादा, म्हणजे माझे वडील, दारातच म्हणाले, "सर, यंदा गाणं नको."

"गाणं नाही म्हणत, दादा. नुसती पेटी वाजवतो. नको वाटलं तर हात करा, मी थांबेन."

त्यांनी वाजवली ती चाल आपल्याकडची नव्हती. 'ओ कम, ओ कम, इमॅन्युएल' हे इंग्रजी चर्चमधलं आगमनकाळाचं गीत, मुळात लॅटिन. डिसेंबरच्या १७ ते २३ तारखांना रोज एक अशा ज्या सात प्राचीन प्रार्थना मठांमधून गायल्या जात, त्यांच्यावर ते बेतलेलं आहे. एकेका नावानं ख्रिस्ताला घातलेला तो धावाच. चालीत गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचेच सूर. ध्रुपदात शब्द आनंद करायला सांगतात आणि चाल वर कोमल निषादावर जाते, पण सूर बदलत नाहीत. दुःख बाजूला सारून आनंद करा, असं ती चाल म्हणतच नाही. सरांनी भाता इतका सावकाश हलवला की एक सूर विझायच्या आत दुसरा त्यातूनच उगवत होता. दादांनी हात केला नाही. आई गेल्यापासून ते रडले नव्हते. त्या रात्री रडले.

सर गेल्यानंतर एकदा या चालीविषयी वाचत होते. इंग्रजी शब्द जॉन मेसन नील यांचे आणि चाल थॉमस हेल्मोर यांनी जोडलेली, दोघंही एकोणिसाव्या शतकातले. चाल मूळची कुठली, हे मात्र पुढं शंभरेक वर्षं कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. १९६६ साली मेरी बेरी या संगीत-अभ्यासक जोगिणीला पॅरिसमध्ये पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित सापडलं. त्यात ही चाल होती, आणि ती होती दफनाच्या वेळी मिरवणुकीत गायची. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. सरांनी याचा कधी उल्लेख केला नव्हता. ते त्यांनी केवळ कानानं ओळखलं असणार.

त्यांचा चार रविवारांचा नियमही मला पुढं दूरच्या ठिकाणी भेटला. बाखच्या काळात लाइपझिगच्या चर्चमध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार झाला की नाताळपर्यंत वाद्यवृंदासह गायन बंद असे. १७३४ च्या नाताळला त्याच्या 'ख्रिसमस ओरेटोरियो'ची सुरुवात टिंपनीच्या ठोक्यांनी झाली. तीन रविवार गप्प राहिलेल्या कानांवर ते ठोके कसे पडले असतील, याची मला सरांमुळं कल्पना येते. आम्हीही २४ तारखेच्या रात्री ढोलकी बाहेर काढायचो.

म्हणून मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दुकानांतून वाजणारी घुंगरांची गाणी घरात लावत नाही. आमच्या वृंदातली पोरं कुरकुरतात, त्यांना मी समजावते. आनंदाचं गाणं मला हवंच आहे, पण ज्याच्या घरात यंदा एक ताट कमी वाढलं जातंय, त्यालाही म्हणता येईल असं काहीतरी आधी हवं.

यंदा मंडळीतल्या एका घरात असंच झालं आहे. काल त्या ताईंना भेटून आले. गायनवृंद आला तर चालेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "या, पण शब्द नकोत एवढ्यात." पेटी मीच वाजवणार आहे. पोरांना मुद्दाम सोबत नेतेय, ती नुसती बसतील आणि ऐकतील.